घर जळाले, पण मृगाची पेरणी चुकली नाही



फाल्गुन आला की आपल्या पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरांवर रात्री लाल माळा दिसू लागतात. लांबून पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. ज्याचे घर डोंगराच्या कुशीला आहे त्याला त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. वणवा लावू नका, हे आपण दरवर्षी सांगतो, ग्रामसभेत शपथही घेतो. आज मात्र वणवा विझल्यानंतरचे बोलायचे आहे. एखाद्याचे घर जळाले तर गावाने काय करावे, आधी काय, मागाहून काय, आणि कशाला हात लावू नये? मदतीला धावणारी माणसे आपल्याकडे भरपूर आहेत. पण मदतीचा हिशेब आपण मांडत नाही, आणि मग चांगल्या मनाने केलेले काम अंगलट येते. हे मी कुणाला नावे ठेवायला लिहीत नाही. यात माझीही एक चूक आहे, ती पुढे सांगतोच.

गोष्ट मार्च २०२४ मधली. होळीला आठवडा होता. पाटण तालुक्यात डोंगराच्या सोंडेवर चाळीस उंबऱ्यांची एक वाडी आहे. वाडीचे आणि घरधन्याचे नाव मुद्दाम देत नाही. आपण त्यांना नुसते तात्या म्हणू. घरात तात्या, काकू, म्हातारी आजी आणि दहावीची परीक्षा देणारी मुलगी. थोरला मुलगा नवी मुंबईच्या मार्केटात माथाडी काम करणारा. दीड एकर भात, अर्धा एकर नाचणी, दोन बैल, एक गाय, चार शेळ्या. असा हा आपल्यासारखाच प्रपंच.

दुपारी खालच्या उतारावर कुणीतरी बांधाचे गवत पेटवले. वणवा उतार चढताना किती वेगाने पळतो हे डोंगरातल्या माणसाला सांगायला नको. त्यात वारा वरच्या अंगाचा. घरामागे आठ-दहा फुटांवर पिंजाराची गंज होती. आधी गंज पेटली, गंजीवरून वळचण, वळचणीवरून वासे. तात्यांनी धावत येऊन बैलांची आणि गाईची दावी कापली. शेजाऱ्यांनी आजीला उचलून बाहेर काढले. परड्यातल्या शेळ्यांपर्यंत कुणी पोचू शकले नाही. तासाभरात आढे खाली आले. मुलगी पेपर देऊन परत आली तेव्हा दारात राख होती.

स्वच्छता नडली

मी तेव्हा त्या भागाचा कृषी सहाय्यक. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर अख्खी वाडी कामाला लागलेली. बायका राख भरत होत्या, पोरे जळकी लाकडे ओढत होती. शेळ्या रात्रीच पुरल्या होत्या. मीही पायताण काढून टोपली उचलली. दुपारपर्यंत जागा झाडून लख्ख केली आणि आपण फार मोठे काम केले असे आम्हाला सगळ्यांनाच वाटले.

लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता नुकतीच लागली होती. महसूलची माणसे त्या धावपळीत, त्यामुळे पंचनाम्याला तिसरा दिवस उजाडला. तलाठी भाऊसाहेबांनी विचारले, "शेळ्या कुठायत?" सांगितले, पुरल्या. "डॉक्टरांनी पाहिल्या होत्या का?" नाही. "फोटो?" तोही नाही. घराच्या भिंती उभ्या होत्या म्हणून घराचा पंचनामा नीट झाला. शेळ्यांचा मात्र कागदच तयार झाला नाही. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने आपत्ती मदतीचे जे निकष ठरवले, त्यात शेळीला ४,००० रुपये धरलेले आहेत. म्हणजे चार शेळ्यांचे १६,००० रुपये आम्ही आमच्या हातांनी खड्ड्यात पुरले. वाडीतल्या लोकांना नियम ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. मी तिथे उभा होतो आणि बोललो नाही. ही चूक माझी.

म्हणून पहिला धडा असा, की पंचनामा होईपर्यंत जागा झाडू नका. आग पूर्ण विझवा, वीज मंडळाच्या माणसाला बोलावून जोडणी तोडून घ्या, माणसांना सावलीत न्या. बाकी आहे तसे राहू द्या. मेलेले जनावर पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नका. आता प्रत्येक घरात मोबाईल आहे. चारही बाजूंनी फोटो काढा, जळालेली कणगी, भांडी, अवजारे सगळ्यांचे काढा. तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी) फोन करा आणि त्याच दिवशी लेखी अर्जही द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या. गोठा राहिला, अवजारे राहिली, असे नंतर लक्षात येऊन उपयोग नसतो.

"बैलं ठेवून करू काय?"

वाडीत पहिले दोन दिवस जेवणाची कमी नव्हती. कपड्यांचा तर ढीग पडला. जुन्या साड्या, पोरांचे फाटके शर्ट, कुणाचे तरी एका पायाचे बूट. काकू त्या ढिगाकडे बघायलाही तयार नव्हत्या. तिसऱ्या दिवशी एक दलाल बैल बघून गेला. भाव अर्ध्याला होता. मी तात्यांना म्हटले, "तात्या, घाई करू नका, घराची मदत मिळेल." तात्या म्हणाले,

"सायेब, घराचं बघू कवातरी. पन घरात वैरण न्हाई, बी न्हाई. बैलं ठेवून करू काय? इकून टाकतो आन जातो पोराकडं मुंबैला."

या बोलण्याने माझे डोळे उघडले. आम्ही सगळे जळालेल्या घराकडे पाहत होतो आणि तात्या मृगाकडे पाहत होते. बैल गेले की नांगरट गेली. एक खरीप पडीक राहिला की पुढच्या वर्षी बी-भांडवल नाही. मग माणूस मुंबईला जातो आणि घराच्या जागी रान उगवते. आपल्या डोंगरात अशी ओस पडलेली जोती किती आहेत ते तुम्ही मोजून पाहा.

त्या रात्री देवळात बैठक बसली. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे सचिव, शाळेचे गुरुजी आणि घरटी एक माणूस. वाडीच्या मुंबई मंडळाला फोन लावला. मृगाला ऐंशी दिवस राहिले होते. मी फळ्यावर तीनच गोष्टी लिहिल्या: वैरण, बी आणि छप्पर.

वैरणीचा हिशेब

मोठ्या जनावराला दिवसाला पाच ते सहा किलो सुकी वैरण धरा. तीन जनावरे, आणि हिरवे गवत तोंडाला लागेपर्यंत नव्वद दिवस. म्हणजे साधारण १,६०० किलो. आकडा ऐकून आधी सगळे गप्प झाले. मग गुरुजी म्हणाले, "चाळीस घरं आहेत, घरटी चाळीस किलो." चाळीस किलो म्हणजे दोन भारे. एकट्या माणसाला जे पर्वताएवढे, ते चाळीस घरांत वाटले की दोन भारे होते. ज्याच्याकडे वैरण नव्हती त्याने वाहतुकीचे पैसे दिले.

नुसता पिंजार खाऊन जनावर उतरते. त्यासाठी युरियाची प्रक्रिया करून घेतली. १०० किलो पिंजाराला ४ किलो युरिया, तो ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, थरावर थर देऊन झारीने शिंपडायचा, पायाने दाबायचा आणि प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून २१ दिवस ठेवायचा. उघडल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्यायचा, मगच घालायचा. सुरुवात थोड्या वैरणीने करायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना ही वैरण देऊ नये. युरिया मोजूनच घ्या. अंदाजाने टाकलेला जास्तीचा युरिया जनावराला विषासारखा बाधतो.

गाईची कास भाजली होती. कुणी तेल, कुणी हळद, कुणी राख लावायला सांगत होते. असे काही लावू नका. भाजलेल्या जागेवर गार पाणी हळूहळू ओतत राहा, सावलीत बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. खुरे भाजली असतील तर जनावर दोन दिवसांनी लंगडते, म्हणून चारही खुरे पाहून घ्या.

बी एकाच घरचे घ्या

दीड एकर भाताच्या लावणीला साधारण ३० किलो बी लागते. वाडीत प्रत्येकजण पायली-पायली द्यायला तयार होता. इथे मात्र मी वेळेवर तोंड उघडले. दहा घरचे बी म्हणजे दहा जातींची भेसळ. एक हळवे, एक गरवे. अर्धे शेत पिकते तेव्हा अर्धे पोटरीत असते, आणि कापणीला हाल होतात. म्हणून ठरवले की बी एकाच घरचे, एकाच जातीचे घ्यायचे, आणि बाकीच्यांनी त्या घराला तेवढे भात भरून द्यायचे. एका शेतकऱ्याकडे निवडून ठेवलेले इंद्रायणी होते, ते घेतले. नाचणीचे बी दुसऱ्या एका घरातून किलोभर.

बी घेतले तरी उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. ओल्या गोणपाटात १०० दाणे मोजून गुंडाळा आणि आठवड्याने उघडा. ऐंशीच्या वर कोंब आले तर बी चांगले. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगणारे पोचट काढून टाका, तळाचे दोन वेळा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, पण करतात किती जण? उसन्या बियाण्याच्या बाबतीत तरी ते चुकवू नका. देणाऱ्याच्या बियाण्याला बोल लागतो आणि घेणाऱ्याचे वर्ष जाते.

छप्पर दोन खणांचे

पहिले महिने तात्यांचे कुटुंब शेजारच्या सोप्यात राहिले. पण पावसाळ्याचे चार महिने कुणाच्या सोप्यात निघत नाहीत. देणाऱ्यालाही अडचण आणि राहणाऱ्यालाही. निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये धरलेले होते. कपड्यांना आणि भांड्यांना प्रत्येकी २,५०० रुपये. या रकमा वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू आकडा तहसील कचेरीत विचारून घ्या. तात्यांना पैसे मिळाले, पण पाऊस त्यांच्या आधी आला. घरकुलासाठी ग्रामसेवकांकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) नाव जरूर द्या, मात्र त्या भरवशावर पावसाळा उघड्यावर काढू नका.

मुंबई मंडळाला आम्ही स्पष्ट सांगितले, कपडे पाठवू नका. पत्र्यांचे पैसे थेट पाटणच्या दुकानात भरा. वैशाखात इर्जिक घातली. भाजलेली भिंत वरून उभी दिसते, पण आत दगड तडकलेला असतो आणि माती सुटलेली असते. गवंड्याने पहारीने ठोकून पाहिली आणि मागची भिंत उतरवली. पुढच्या भिंतीच्या आधाराने दोन खण उभे केले, एक माणसांना, एक जनावरांना. चार दिवस तीस माणसे राबली. बाकीचे घर पुढच्या वर्षी सरकारी पैशांतून झाले. कुणी म्हणाले, एवढ्याशा दोन खणांत काय होतंय? पण त्या दोन खणांत बैल कोरडे राहिले आणि बी कोरडे राहिले.

जळालेले कागद

सातबारा जळाला म्हणून जमीन जात नाही. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो. आधार केंद्रावर बोटाच्या ठशावरून आधार पुन्हा काढता येते. रेशनकार्डाची दुय्यम प्रत पुरवठा शाखेतून मिळते. पासबुक जळाल्याचे बँकेला आणि सोसायटीला लेखी कळवा. पंचनाम्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, या सगळ्या ठिकाणी ती उपयोगी पडते.

आजीच्या डब्यात काही नोटा होत्या. कोळसा झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. अशा नोटा गावची बँक बदलून देऊ शकत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात द्याव्या लागतात, आणि किती शाबूत आहेत ते पाहून तिथे निर्णय होतो. म्हणून त्या सुट्या करायला जाऊ नका. आहेत तशा कापसात ठेवून डब्यात बंद करा. थोरला मुलगा मुंबईतच होता, तो घेऊन गेला.

सगळ्यात घाईचा कागद मात्र वेगळाच होता. मुलीचे हॉल तिकीट. दोन दिवसांनी पुढचा पेपर होता आणि पुस्तकांसकट दप्तर जळाले होते. गुरुजींनी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना फोन केला. त्यांनी दुय्यम प्रत काढून दिली आणि वर्गातल्या दोन मुलींनी आपली पुस्तके आळीपाळीने दिली. एका दिवसाची हयगय झाली असती तर पोरीचे वर्ष गेले असते. घर जळालेल्या माणसाला हे सुचत नाही. म्हणून शेजाऱ्याने विचारायचे, "पोरांच्या परीक्षा कधी आहेत? औषध कुणाचं चालू आहे? हप्ता कधीचा आहे?"

दान नको, उसने द्या

बैठकीत काकूंनी एकच गोष्ट सांगितली होती. "भीक म्हणून दिलं तर आम्ही घेणार न्हाई. उसनं द्या, फेडू." काहींना हा ताठा वाटला. मला तसे वाटले नाही. गुरुजींनी एक वही घातली. कुणी किती भारे दिले, कुणी किती दिवस राबले, सगळे लिहिले. वाडीत सावड होतीच, तिचाच हा लांबचा हप्ता. मृगाच्या आठवड्यात पाऊस आला, तात्यांचा तरवा वेळेवर पडला. लावणीच्या चिखलणीला तात्यांचे बैल आधी वैरण देणाऱ्यांच्या शेतात गेले. दिवाळीनंतर ३० किलो बियाण्याचे तात्यांनी सवाईने भात परत केले. कुणी मागितले नव्हते.

सगळेच सरळ झाले असे नाही. शेळ्यांचे पैसे गेले ते गेलेच. आजींनी त्या वर्षी अंथरूण धरले. बांधावरच्या पाच कलमी आंब्यांपैकी तीन वाळले. उरलेल्या दोनांची काळी फांदी हिरवे लाकूड लागेपर्यंत छाटली, कापावर बोर्डो पेस्ट लावली आणि बुंध्याला चुना मारला. ती फुटली. मात्र फुटवा कलमाच्या जोडाच्या वर आहे का, ते पाहा. खालून आलेला फुटवा रायवळचा असतो. तो वेळीच काढा किंवा त्यावर नवे कलम बांधा.

आता, वणव्याआधी

गवत जाळले की चांगले येते, हा समज सोडा. पहिल्या वळवात राख वाहून जाते, तिच्याबरोबर उघडी पडलेली मातीही जाते. चांगल्या गवताचे बी जळते आणि कुसळी माजते. पिंजाराची गंज घरापासून निदान पन्नास पावले लांब रचा. जानेवारी संपण्याआधी घराभोवती आणि बागेभोवती १० ते १५ फुटांचा पट्टा गवत कापून, पालापाचोळा लोटून मोकळा करा. बियाण्याचा थोडा हिस्सा आणि महत्त्वाच्या कागदांच्या झेरॉक्स प्रती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. दावे एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधा.

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. येत्या ग्रामसभेत एक वही उघडा. कुणाकडे जादा वैरण असते, कुणाकडे निवडलेले बी असते, गवंडी कोण, सुतार कोण, मुंबई मंडळात फोन कुणाला करायचा, जनावरांच्या डॉक्टरांचा क्रमांक काय. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: पंचनाम्याआधी जागा झाडू नये. ही वही कधी उघडायची वेळ न येवो. पण आली, तर ज्याचे घर जळाले त्याला बैल विकायला लागू नयेत, एवढे आपण चाळीस घरे मिळून नक्की करू शकतो.